कपाळावरची रेघ

टीव्ही रविवारी सकाळी आला आणि दुपारची ताटं उचलली जाईपर्यंत घरात त्याच्यावरून दोन तट पडले.

तो विकत घेतलेला नव्हता. मामांच्या ओळखीच्या दुकानदारानं आठवडाभर वापरून बघायला दिला होता. दोन माणसांनी तो अरुंद जिन्यातून कधी उभा, कधी तिरका करत वर आणला. खालच्या कारखान्यातून जाताना विगांची लाकडी डोकी बाकावरून हलवून त्यांना वाट करून द्यावी लागली. खाली कारखाना आणि वर घर ही सोय आजोबांच्या वेळेपासूनची. त्यामुळे खाली काही बिनसलं की ते जिना चढून वर यायला वेळ लागायचा नाही.

आणि सध्या बिनसलंच होतं. शुक्रवारी एका निर्मातीबाईंचा फोन आला होता. जुन्या राजघराण्यावरची मोठी मालिका, सगळं चित्रण अल्ट्रा एचडीत. बारा डोकी, म्हणजे बारा विग, हवी होती. सगळी नव्या, श्वासानं हलेल इतक्या पातळ जाळीवर, एकेक केस वेगळा बांधलेला. होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. बारकी म्हणत होती, घेऊ या. दादा म्हणत होता, थांबू या. आई काहीच म्हणत नव्हती.

"अक्का, बघ तरी," मामा टीव्हीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले आणि गेल्या वर्षापासून इथेच राहायला आलेले. "यावर मॅच बघितली ना, तर चेंडूची शिवण दिसते म्हणे."

"तुला शिवण बघून काय करायचंय? तू बटण तरी लावलंयस का कधी?" आई म्हणाली.

"मामा, हा मॅच बघायला नाही आणलेला," दादा म्हणाला. "आज एकदा सगळ्यांच्या डोळ्यांनी खात्री करू. आपल्याच विगांची मालिका लावू. मग बारकीनं मला दाखवायचं की जुनी जाळी कुठे दिसते. दिसली तर मी हरलो."

"आणि दिसली नाही तर?" बारकीनं विचारलं.

"तर उद्या मी बाईंना सांगतो, जुन्या जाळीवर करतो, चालत असेल तर बघा."

बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशीला टेकली तरी हे नाव सुटलं नव्हतं, कारण तिच्या हातच्या गाठीही तशाच बारीक होत्या. बाबा गेल्यावर निर्मात्यांशी बोलायचं, मापं घ्यायची, तारखा सांभाळायच्या हे दादाकडे आलं आणि बाकावरचं काम आई आणि बारकीकडे राहिलं. तेव्हापासून दोघांचं जग वेगळं झालं होतं. दादा बाहेर काय चालतं ते सांगायचा, बारकी हातात काय बसतं ते.

दादाला उगाच नकार द्यायचा नव्हता. त्याचा हिशेब माणसांचा होता. आजोबांच्या विगांना कपाळाशी कापडाची पट्टी असायची. तिच्यावर रंग फासला की नाटकाच्या पहिल्या रांगेलाही कळायचं नाही. सिनेमा आला तशी बाबांनी पट्टी टाकून जाळी धरली. एचडी आलं तेव्हा बाबांनी जाळी आणखी पातळ केली आणि त्या वर्षी घरात कुणी धड जेवलं नाही की झोपलं नाही. दर वेळी चित्र एक पायरी चढलं आणि या घरातल्या कुणीतरी त्याची किंमत पाठीनं, मानेनं, डोळ्यांनी भरली. आता पुन्हा एक पायरी. ती चढायचीच असेल तर ती खरोखर आहे की नुसतं दुकानदाराचं बोलणं, एवढं त्याला आधी बघायचं होतं.

"लावा," तो म्हणाला आणि सोफ्यावर मागे टेकून बसला.

पडदा उजळला. चार वर्षांपूर्वीची मालिका, त्यांच्याच कारखान्यातल्या विगांची. थोरली राणी खिडकीशी उभी राहून मुलाला निरोप देते तो प्रसंग. राणीचा चेहरा भिंतीएवढा झाला आणि सगळ्यांच्या आधी मामाच बोलले.

"अरे, हा तर आपल्या जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतोय."

खरंच तसं होतं. राणीच्या गालावर उजेड पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता. ती मान वळवायची तेव्हा केस चिखलासारखे एक व्हायचे आणि मान थांबली की हळूहळू पुन्हा केस व्हायचे. मागच्या अंधारात चौकोन पोहत होते.

"दाखव," दादा बहिणीला म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, पण सुटल्याचा होता. "कुठे दिसते जाळी? मला राणीचं कपाळच दिसत नाहीये, जाळी कुठली दिसणार!"

बारकी पुढे सरकली, मागे झाली, चष्मा पुसला. तिला काही सापडेना.

"बघ. हे असं पोचतं लोकांकडे. आपण एकेक केस बांधायचा आणि वाटेत त्याचा लगदा व्हायचा. कशासाठी?"

सोफ्याच्या टोकाला बसलेल्या वहिनीला हे ऐकवेना. ती दादाची बायको. लग्न होऊन या घरात आली, पण कारखान्यात कधी बसली नाही. एका व्हिडिओ कंपनीत तिची नोकरी चित्र तपासण्याची होती. दिवसभर पडद्यासमोर बसून कुठे चित्र फुटलं, कुठे रंग घसरला, कुठे ओठ आणि आवाज मागेपुढे झाले ते शोधायचं. घरी आल्यावर ती टीव्ही बघायचीच नाही. आज मात्र नवऱ्याचं बोलणं तिला खुपलं. तो चुकीचं बोलत होता म्हणून नाही. चुकीच्या चित्रावरून बोलत होता म्हणून.

"हे चित्र त्या मालिकेचं नाहीच," ती म्हणाली.

"म्हणजे? नाव तर तेच आहे."

"नाव तेच आहे, माल तो नाही. आपलं वाय-फाय तीन भिंती ओलांडून इथे येतंय. नेट कमी पडलं की ॲप गुपचूप चित्र खाली उतरवतं. मध्येच अडकून गोल गोल फिरत बसण्यापेक्षा ते बरं म्हणून. तुम्ही मोठा पडदा आणलात आणि त्याच्यावर फोनचं चित्र ताणून बघताय."

"मग जुन्या टीव्हीवर कसं बरं दिसायचं?"

"तो लहान आहे. लहान पडद्यात दोष झाकले जातात." ती उठलीच. "मामा, तुमच्या खोलीतली ती निळी वायर कुठेय? लांबलचक?"

"कपडे वाळत घातलेत तिच्यावर," मामा म्हणाले.

मामांचे कपडे खुर्च्यांवर गेले आणि वायर राऊटरपासून टीव्हीपर्यंत आली. वहिनीनं ॲपचा प्लॅन बदलला, कारण त्यांच्या साध्या प्लॅनमध्ये फोर-के, म्हणजे ते अल्ट्रा एचडी, मिळतच नव्हतं. मग ती टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरली.

"दुकानात झगमगावं म्हणून हे रंग आणि धार वाढवून ठेवतात," ती एकेक आकडा खाली आणत म्हणाली. "केसांभोवती पांढरट कड दिसत होती ना, ती या धारेची. कॅमेऱ्यानं ती टिपलीच नाही. आणि सोफा पुढे घ्या. एवढ्या लांबून फोर-के काय आणि साधं एचडी काय, डोळ्याला दोन्ही सारखंच."

"अगं, पण कुठल्या घरात एवढं सगळं करतात?" दादानं सोफा ढकलता ढकलता विचारलं. "वायर, प्लॅन, सेटिंग, सोफा. प्रत्येक घरात तू असतेस का?"

"नसते. म्हणूनच प्रत्येक घराचं मत विचारू नये. आधी खरं काय आहे ते बघावं, मग लोकांना काय दिसतं ते."

आई गालातल्या गालात हसली. मुलगा सुनेकडून हरताना बघायला तिला नेहमीच आवडायचं, आणि सूनबाई बोलताना आवाज चढवत नाही याचं तर तिला मनापासून कौतुक होतं.

राणी पुन्हा खिडकीशी आली.

खिडकीतला उजेड आता पायऱ्या न घेता तिच्या गालावरून उतरत होता. शालीच्या कडेचा धागा सुटलेला दिसत होता. तिच्या खालच्या पापणीत पाणी साठत होतं आणि ते ओघळायच्या आधी किती वेळ तिथं थरथरत थांबलं, तेही दिसलं. ही मालिका बारकीनं पूर्वी दोनदा पाहिली होती. राणी या प्रसंगात रडते हे तिला माहीत होतं. राणी न रडण्याचा किती प्रयत्न करते ते आज पहिल्यांदा कळत होतं.

"काय बाई आहे ही," मामा हळूच म्हणाले.

मग राणीनं मान किंचित वर केली, उजेड कपाळावर आला आणि बारकी एकदम पुढे झुकली.

"थांबवा."

वहिनीनं चित्र थांबवलं. बारकी उठून पडद्याजवळ गेली. केसांच्या खाली, भुवईच्या वर, त्वचेवर एक बारीक विणलेला पट्टा होता. मच्छरदाणीतून बघावं तसा. दोन-दोन, तीन-तीन केस एकेका गाठीतून झुपक्यानं वर येत होते आणि गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या ओळीनं बसल्या होत्या.

"हा विग मी केलाय," ती म्हणाली.

मग दादाकडे वळून म्हणाली, "दादा, तू हरलास. पण मला काही बरं वाटत नाहीये."

दादाही उठून आला. दोघं भावंडं पडद्यासमोर, राणीच्या कपाळाखाली उभी राहिली. त्याला वाईट वाटलं ते हरल्याचं नव्हे. त्या वर्षी हा विग बघून तो स्वतः म्हणाला होता की याहून चांगला कुणी करून दाखवावा, आणि ते अगदी मनापासून म्हणाला होता.

"तेव्हा हे कुणाला दिसत नव्हतं गं," तो म्हणाला. "सेटवर लहान पडदा होता. मीही बघितला होता."

"दिसत नव्हतं, पण होतं. कॅमेऱ्यानं तेव्हाच टिपलं होतं. तेच म्हणतेय मी. लोकांच्या घरचं नेट आज मंद असेल, पाच वर्षांनी नसेल. टीव्ही आज लहान असतील, उद्या नसतील. मालिका तीच राहणार आहे. आज जे टिपलं जाईल ते लोक पुढे कधीतरी स्वच्छ बघणार, आणि तेव्हा माझ्या हातात दुरुस्त करायला काही नसेल."

दादानं विषय थोडा बाजूला नेला. "पुढे जाऊ द्या," तो म्हणाला. "बाकीची डोकी तरी बघू."

पुढे दरबार होता. सगळे आता तपासनीस झाले. सेनापतीच्या कानामागे जाळीची कड सुटलेली होती. ती मामांना सापडली आणि त्यांनी टाळी वाजवली. दासीचा विग ठीक होता, पण भांग जरा जास्तच सरळ. वहिनीची नजर नोकरीतल्यासारखी पडद्यावर डावीकडून उजवीकडे फिरत होती. तिला धाकट्या राजपुत्राच्या मिशीखालचा गोंद चमकताना दिसला.

मग म्हातारा कारभारी आला. पाठीत वाकलेला, टाळू उघडी पडलेली, कानांवर आणि मानेवर पांढऱ्या केसांची विरळ झालर. टकलावर डाग, डागांवर इकडेतिकडे एकेक चिवट केस. तो राजासमोर उभा राहून सांगतो की या लढाईत आपण हरणार आहोत, आणि कुणी ऐकत नाही. कॅमेरा त्याच्या डोक्याजवळ जाऊन बराच वेळ थांबतो.

"याचं बरंय," मामा म्हणाले. "डोक्यावर काही नाही, तुमची कटकट नाही."

"आणि काय डोकं आहे!" वहिनी म्हणाली. "बाकी सगळे वेषात वाटतात, हा एकटा त्या काळातला वाटतो. कानामागची लव बघा. अशी माणसं शोधून आणतात कुठून?"

दादानं मान हलवली. "जुना नट असणार."

"त्याला डोक्यावर दाट केस आहेत," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"कुणाला?"

"त्यालाच. पस्तिशीचा आहे तो. दिग्दर्शकाचा मदतनीस."

एवढं बोलून ती थांबली असती, पण बारकीनं सोडलं नाही. मग आईनं सांगितलं, तेही सेटवरची हवा कशी होती ते सांगावं अशा सुरात. कारभाऱ्याचं काम करणारे मूळ म्हातारे नट आजारी पडले. दुसरा कुणी मिळेना. मदतनीसाला सगळे संवाद पाठ, आवाजही चांगला, म्हणून दिग्दर्शकानं त्यालाच उभं केलं. आई तेव्हा महिनाभर सेटवर मुक्कामाला होती. रंगभूषेच्या गाडीत बसून तिनं रबराची पातळ टोपी त्याच्या डोक्यावर ताणली, ती उतरवली आणि तिच्यावर केस बसवायला घेतले. कुठे बसवायचे त्यापेक्षा कुठे नाही बसवायचे हे ठरवण्यातच तिचे बरेचसे दिवस गेले.

"मला वाटलं तू विग बसवायला गेली होतीस," दादा म्हणाला.

"तेही केलंच की."

"आई, तू आम्हाला चार वर्षांत सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? सांगितलं की माणसं सांधा शोधायला लागतात. शोधलं की मग त्या कारभाऱ्याचं बोलणं कोण ऐकणार?"

वहिनीनं प्रसंग मागे नेला आणि पुन्हा लावला. मग थांबवून चित्र मोठं केलं. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. रोज अशी शेकडो चित्रं तिच्या डोळ्यांखालून जायची आणि दोष सापडला नाही असा दिवस क्वचितच जायचा. ती कपाळापासून सुरुवात करून टाळूवरून मानेपर्यंत गेली. रबर कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते ते तिला सापडलं नाही. एका जागी, कानाच्या वर, केस वाढायची दिशा बदलली होती. म्हाताऱ्या माणसांची झोपायची कूस पडते तशी.

"ही कूससुद्धा तुम्ही ठरवली?" तिनं विचारलं.

"तो उजव्या कुशीवर झोपत असणार असं मला वाटलं," आई म्हणाली.

वहिनी परत येऊन बसली ती आईच्या शेजारी. तिला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "माझ्या ऑफिसात हे चित्र आलं असतं तर मी पास करून पुढे गेले असते. बघितलंसुद्धा नसतं."

"मग झालं तर," आई म्हणाली. यापेक्षा मोठं कौतुक तिचं कुणी केलं नव्हतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दादा मात्र अजून पडद्यासमोरच उभा होता. लहानपणापासून तो आईला त्या बाकावर वाकलेली बघत आला होता. तिचं काम चांगलं असतं हे तो निर्मात्यांना रोज सांगायचा, विकणाऱ्यानं सांगावं तसं. आज पहिल्यांदाच त्यानं ते गिऱ्हाइकासारखं, फसून बघितलं होतं.

"आई," तो वळून म्हणाला, "उद्या मी बाईंना होय म्हणतो."

बारकीच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. मामांनी "वा!" केलं.

"नाही म्हणायचं," आई म्हणाली.

क्षणभर सगळ्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अगं, आत्ता तर तूच..." बारकी म्हणाली.

आईनं हात मांडीवर ठेवले आणि बारकीकडे बघितलं. ती दोन दिवस गप्प होती ती याच बोलण्याची तयारी करत.

"तुझा बाकावरचा दिवा बघते मी. गेल्या वर्षी हातभर लांब होता, आता नाकाशी आलाय. गाठी बांधायच्या आकडीत केस ओवताना तू मान डावीकडे कलती करतेस. उजव्या डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून करतेस. मला सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. तुझे बाबा शेवटी शेवटी बोटांनी चाचपून गाठ बांधायचे. त्या कारभाऱ्याच्या मानेवरचे केस मी तसेच बांधलेत. डोळ्यांवर विसंबून नाही, बोटांवर. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानंतर झालं. मी म्हातारी आहे, माझं चाललं. बारा डोकी एकेका केसानं बांधायची म्हणजे तुझे डोळे त्या जाळीत जातील. चित्र सुंदर झालंय, मी बघितलं. माझ्या जन्मात मी असं चित्र बघितलं नव्हतं. पण त्यासाठी मी माझी मुलगी देणार नाही."

बारकीनं चष्मा काढला आणि हातातच धरून बसली. ती रागावली होती, आणि आपलं गुपित आईला इतके दिवस माहीत होतं याची तिला लाजही वाटत होती.

"हा निर्णय माझा नाही का?" तिनं विचारलं.

"तुझाच आहे. मी फक्त न बोलता राहू शकत नव्हते."

खोलीत तट पुन्हा बदलले होते. सकाळी नको म्हणणारा दादा आता होय म्हणत होता आणि कायम पुढची पायरी चढणारी आई नको म्हणत होती. मधल्यामध्ये वहिनी बसली होती. तिला या कामातलं काही कळत नव्हतं, पण चित्रातलं कळत होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बाराही डोक्यांजवळ कॅमेरा जातो का?"

दादानं चमकून बघितलं. "नाही. जवळून दिसणारे चौघे. बाकीचे दरबारात, लांब."

"लांबच्या माणसाचं डोकं फोर-केतही नखाएवढं असतं. आणि जवळच्या चौघांचं तरी काय दिसतं? राणीच्या विगात बारकीला दोष कुठे सापडला? कपाळावर. मागे नाही."

"पुढची बोटभर रुंदीची रेघ," बारकी सावकाश म्हणाली. तिनं चष्मा पुन्हा घातला. "कपाळ आणि कानशिलं. तेवढंच नव्या जाळीवर, एकेका केसानं. मागे नेहमीसारखं."

"आणि तेही दिवसाउजेडी," दादा म्हणाला. "सकाळी दोन तास. संध्याकाळी दिवा लावून नाही. तारखा मी वाढवून घेतो."

"बाई ऐकतील?"

"त्यांना ऐकायला लावणं हे माझं काम आहे. तेवढं तरी येतं मला." तो आईसमोर खाली बसला. "आणि सगळी रेघ तिनं एकटीनं बांधायची नाही. दुसरा हात घालू."

"कुणाचा?" आईनं विचारलं. "माझा आता जड पडलाय."

दादानं आपल्या तळव्यांकडे बघितलं. बाबा होते तोवर तोही त्याच बाकावर बसायचा. मग फोन वाजायला लागले आणि कुणीतरी ते उचलायलाच हवे होते.

"माझा," तो म्हणाला. "शिकावं लागेल परत."

आईनं त्याचा उजवा हात उचलला, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून बघितलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"खरखरीत झालंय," ती म्हणाली. "रात्री तेल लावत जा."

तिनं होय म्हटलं आहे हे सगळ्यांना कळलं.

सोमवारी निर्मातीबाईंनी आधी कुरकुर केली. दादानं त्यांना घरी बोलावलं, राणीचं कपाळ दाखवलं आणि मग कारभाऱ्याचं डोकं. दोन्ही आमचीच, म्हणाला. बाई उठून पडद्याजवळ गेल्या. नंतर त्यांनी तारखा वाढवून दिल्या आणि आईच्या पाया पडून गेल्या. टीव्हीही परत गेला नाही. आपलं काम तपासायला घरात असा पडदा लागेलच, असं वहिनी म्हणाली आणि दादानं ते मुकाट्यानं मानलं. मामांनी निळी वायर भिंतीच्या कडेनं खिळे ठोकून पक्की बसवली. कपड्यांना दुसरी दोरी मिळाली.

जाळी आली तेव्हा हवा कोरडी होती आणि सकाळचा उजेड कारखान्याच्या खिडकीतून थेट बाकावर पडत होता. बारकी चहा संपवून खाली उतरली, तर दादा आधीच बसलेला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात आकडी, समोर लाकडी डोक्यावर ताणलेली नव्या मालिकेतल्या धाकट्या राणीची जाळी. आदल्या दिवशी बारकीनं डावं कानशील पुरं केलं होतं. त्यानं तिच्याच रेघेच्या टोकापासून पुढे थोडे केस बांधले होते.

ती भिंग घेऊन वाकली. तो श्वास रोखून बसला.

तिनं चिमट्यानं एक गाठ सोडवली. मग दुसरी. गाठी सैल होत्या, केस नको तिकडे झुकत होते. सुटलेले केस ती बाजूच्या कागदावर ठेवत गेली. शेवटच्या केसापाशी तिचा चिमटा थांबला. तिनं भिंग जवळ नेलं, लांब नेलं.

"हा राहू दे," ती म्हणाली.

"कुठला?"

दादा पुढे झुकला. त्यानं स्वतःच बांधलेला तो केस तिच्या केसांमधून वेगळा काढायचा बराच प्रयत्न केला.

"सापडत नाहीये गं."

"मग ठीक आहे," बारकी म्हणाली. तिनं आपली खुर्ची मागे घेतली आणि खिडकीचा उजेड त्याच्या हातांवर पडू दिला.